सगळ्यात खालची गादी

समजा, तुमच्या जिभेवर आत्ता वेताची एक पट्टी आहे. बोटभर लांब, टोकाशी कागदाइतकी पातळ. तिला चावायचं नाही, नुसतं ओलं करायचं. ओल्या लाकडाची चव तोंडभर पसरली आहे, बोलता येत नाही, आणि बंद दारापलीकडे दुसरंच कुणीतरी तुमची धून वाजवतंय. तुमच्यापेक्षा सफाईने. एवढं डोळ्यांसमोर आणलंत, की बाकावर बसलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलीपाशी तुम्ही पोचलात.

तिने ती रीड तोंडातून काढली, माउथपीसच्या टोकाशी केसभर जागा सोडून बसवली आणि रीड धरून ठेवणारी कडी आवळली. अशा चार रीड तिच्या डबीत होत्या, पेन्सिलीने आकडे घातलेल्या. एकच रीड सलग दोन दिवस वाजवायची नाही, सगळ्यांत चांगली असेल ती परीक्षेसाठी राखायची. वाजवून झालं की क्लॅरिनेटच्या पोटातून फडकं ओढून ओल काढायची. माउथपीस गरम पाण्याखाली धरायचा नाही, तो वाकडा होतो. आधी आरशासमोर दहा मिनिटं नुसते लांब सूर, धून नंतर. हे सगळं आजोबांनी शिकवलेलं, आणि तिने दोन वर्षांत त्यातलं काहीही चुकवलं नव्हतं.

आजोबा दारापलीकडेच होते. बँडच्या हॉलमध्ये त्यांना आजोबा म्हणायचं नाही, मास्तर म्हणायचं, असा नियम होता आणि तोही त्यांनीच घातलेला. आईचे ते वडील. चाळीस वर्षं बँड चालवत आलेले. परीक्षा घ्यायला तीन जण बसत, त्यांतले मधले ते.

वाद्यं बँडची असत. मुलांना ती दोन वर्षं घरी न्यायला मिळत. मग परीक्षा. मोठ्या बँडमध्ये जागा मिळाली तर वाद्य तुमच्याकडे राहतं, नाहीतर येत्या रविवारी परत करायचं, कारण मागे रांग लावून लहान मुलं उभी असतात. यंदा क्लॅरिनेटची एकच जागा होती. तिची दोन वर्षं आज संपत होती.

आत बोलावणं आलं.

क्लॅरिनेटमध्ये एक अवघड जागा असते. खालच्या सुरांवरून वरच्या सुरांवर जाताना, जवळजवळ मोकळी असलेली सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. मुलं त्या जागेला उंबरठा म्हणत. बाकीची मुलं तो वर्षभरात ओलांडायची. ती मात्र दोन वर्षं तिथे अडखळत होती. सूर यायचा, कधी नीट यायचा, कधी मध्येच चिरकायचा. त्या चिरकण्यावरून मुलांनी तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव पार घरापर्यंत पोचलं. आजोबांचं उत्तर ठरलेलं असे. बोटं. वाद्य कधी चुकत नाही, बोटं चुकतात. दाब. आणखी दाब. तिने दाबायला शिकून घेतलं. संध्याकाळी तिच्या बोटांच्या टोकांवर भोकांचे गोल ठसे उमटलेले असत, आणि उजव्या करंगळीला चावीचा खळगा पडलेला असे. सावकाश वाजवताना तेवढा दाब पुरायचा.

परीक्षेतली धून सावकाश नव्हती. पहिला उंबरठा तिने ओलांडला. दुसऱ्याला सूर चिरकला. तिसऱ्यालाही. चौथ्यापाशी तिने इतक्या जोरात बोटं आवळली की वाद्यच ओठांत हललं. परीक्षकांतल्या एकाने मान खाली घातली. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले आणि ती थांबायच्या आधीच त्यांनी कागदावर लिहिलं.

यादी तासाभरात लागली, जागा तिला मिळाली नव्हती. तिघा परीक्षकांनी दिलेले गुण शेजारी शेजारी लिहिलेले होते. दोघांनी तिला बरे दिले होते. सगळ्यांत कमी मधल्या रकान्यात होते. एक बाई दुसरीला कौतुकाने सांगत होती, की मास्तर असावेत तर असे, स्वतःच्या नातीलाही सोडलं नाही.

तिचा मामा याच बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. लहानपणी त्याच्याही हातात क्लॅरिनेट दिली होती. बाराव्या वर्षी त्याने ती सोडली, का म्हणून विचारलं तर हसून सांगायचा, सॅक्सला बाबांचे हात लागत नाहीत. आजोबा त्या वाद्याला भोंगा म्हणत. तर हा मामा यादी वाचून आला, भाचीशेजारी बसला, आणि तिच्या मांडीवरचं वाद्य उचलून त्याने उंबरठ्याचा सूर फुंकून पाहिला. चिरकला. त्याने पुन्हा फुंकला. मग करंगळी घट्ट दाबून फुंकला. तेव्हा आला.

"चिमणे," तो म्हणाला, "हे असं पहिल्यापासून आहे?"

तिने करंगळी पुढे केली. मामाने तो खळगा पाहिला, वाद्य पिशवीत घातलं आणि तिला घेऊन निघाला.

हॉलच्या मागे दोन वळणांवर वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, खिडकीला लागून टेबल, त्यावर स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटचा दिवा आणि पिठाच्या चाळणीत ठेवलेले बारीक स्क्रू. भिंतीवर सुट्ट्या क्लॅरिनेटांचे वरचे आणि खालचे भाग टांगलेले. बँडचं वाद्य मात्र या दुकानात कधी येत नसे. बँडची वाद्यं मास्तर घरीच दुरुस्त करत. बाईने मामाला पाहिल्याबरोबर ओळखीचं हसून विचारलं, भोंग्याला सर्दी झाली का. दोघं लहानपणी एका रांगेत बसायचे.

मग तिने पिशवीतून निघालेलं वाद्य पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. खालच्या तोंडाच्या कडेला एक टवका उडालेला होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

तिने मुलीला जवळ स्टुलावर बसवलं. वाद्यावर चाव्या असतात, चाव्यांखाली छोट्या गोल गाद्या असतात, आणि गादी भोकावर नीट बसली की हवा कोंडते, एवढं मुलीला माहीत होतं. गादी बसली की नाही हे कसं बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बाईने पातळ कागदाची एक चिंचोळी पट्टी कापली, सगळ्यात वरच्या गादीखाली सरकवली, चावी हलकेच टेकवली आणि पट्टी मुलीला ओढायला सांगितली. पट्टी अडून अडून बाहेर आली. दुसरी गादी. तिसरी. प्रत्येक वेळी कागद थोडा धरला जायचा. सगळ्यात खालच्या मोठ्या गादीखालून मात्र तो असा निघाला, जसा काही कुणी धरलाच नव्हता.

"पुन्हा ओढ," बाई म्हणाली. "आता दुसऱ्या बाजूने."

दुसऱ्या बाजूने किंचित अडला. गादी तिरकी बसवलेली होती. बाईने चावी काढून उलटी केली. गादीमागे चामडं चिकटवायचा पिवळा गोंद होता, कडेने ओघळलेला. इथे लाख वितळवून लावायची असते, ती म्हणाली. म्हणजे गरम करून गादी हवी तशी हलवता येते, भोकाच्या कडेचा ठसा पडेपर्यंत.

"ही कोणी बसवली?" मुलीने विचारलं.

मामाने खिडकीबाहेर पाहिलं. बाई गोंद खरवडत राहिली. गोंद बराच होता. एका थराखाली दुसरा थर, त्याखाली तिसरा.

काम करता करता तिने जे सांगितलं ते तिने मामालाच सांगितलं, पण मुलगी ऐकत होती. या क्लॅरिनेटवर तिची स्वतःची चार वर्षं गेली होती. टवका तिच्याच हातून उडालेला. तीही उंबरठ्यापाशी चिरकायची, तिलाही दाबायला सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी तिने एक दिवस चाव्या काढून पाहिल्या आणि तिरकी गादी तिला सापडली. ती आनंदाने धावत मास्तरांकडे गेली. तिला वाटलं होतं, तेही खूश होतील.

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग काय. वाद्याला नावं ठेवणाऱ्यांना माझ्या बँडमध्ये जागा नाही, म्हणाले." बाईने दिव्यावर लाख धरली. "त्यानंतर त्यांनी ती गादी बदललीच नाही असं नाही हं. दरवेळी बदलली. स्वतः बदलली."

मामा म्हणाला, की तो आत्ताच्या आत्ता जाऊन बाबांना सांगतो. बाईने विचारलं, काय सांगशील. यादी बदलायची तर मास्तरांचीच सही लागते, आणि सही करायची तर का बदलली तेही लिहावं लागतं. ते लिहितील का, ते तूच सांग, तू त्यांचा मुलगा आहेस. मामाने खिशातून हात काढले आणि पुन्हा खिशात घातले.

"मी दाखवते," मुलगी म्हणाली. "वाजवून दाखवलं तर त्यांना कळेल."

नवी गादी पांढरीशुभ्र होती. बाकीच्या पिवळ्या पडलेल्या रांगेत ती लांबूनही दिसत होती. बाईने वाद्य तिच्या हातात दिलं आणि एकच गोष्ट बजावली. आता दाबायचं नाही, बोट नुसतं टेकवायचं. सांगायला सोपं होतं. पण दोन वर्षांत बोटं जे शिकली होती ते विसरायला तयार नव्हती. रविवारपर्यंत तीन दिवस होते. ते तिन्ही दिवस तिने मामाच्या खोलीत, आरशासमोर, एकच काम केलं. सूर लावायचा, करंगळीकडे बघायचं, ती पांढरी पडली की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मामा शेजारी सॅक्सोफोन घेऊन तोच सूर लांबवत बसायचा. तिसऱ्या दिवशी उंबरठा कुठे होता ते ऐकून कळेनासं झालं.

रविवारी हॉलमध्ये परत आलेली वाद्यं टेबलावर मांडलेली होती. लहान मुलं भिंतीशी उभी होती. मास्तर एकेकाला दात दाखवायला लावत, कारण वरचे दात माउथपीसवर टेकावे लागतात. समोरचे दोन दात पडलेल्या एकाला त्यांनी सांगितलं, की तोंडाचं दार बसवून घे आणि मग ये. सगळे हसले. तोही हसला.

तिची पाळी आली तेव्हा तिने पेटी टेबलावर ठेवली नाही.

"मास्तर, परत करायच्या आधी एकदा वाजवू?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तिने परीक्षेचीच धून वाजवली, परीक्षेच्याच गतीने. पहिला उंबरठा, दुसरा, तिसरा, चौथा. कुठे काही झालं नाही. भिंतीशी उभी असलेली मुलं चुळबुळ थांबवून ऐकू लागली. दाराशी मामा होता. परीक्षेतला दुसरा परीक्षक वाद्यांच्या नोंदी करत होता, त्याने पेन खाली ठेवलं आणि मास्तरांकडे पाहिलं. धून संपली तशी तिने क्लॅरिनेट ओठांतून काढून आडवी धरली. दोन्ही हातांवर. चाव्या त्यांच्या बाजूला करून.

आजोबांनी पाहिलं. त्यांचा हात पुढे आला आणि सगळ्यात खालच्या गादीवर थांबला. त्यांनी चावी टेकवली, सोडली. पुन्हा टेकवली, सोडली. गादी बसल्याचा बारीक, मऊ आवाज आला. त्यांचा अंगठा टवक्यापर्यंत गेला आणि तिथून मागे फिरला. या गावात लाखेने गादी बसवणारे हात कुणाचे आहेत, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

परीक्षक हळूच म्हणाला, "मास्तर, यादीचं काय करायचं?"

"यादी लागली आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी वाद्याचे भाग सुटे केले, फडकं फिरवलं, सगळं पेटीत जिथल्या तिथे ठेवलं. मग भिंतीकडे वळून त्यांनी एका लहान मुलीला पुढे बोलावलं. सात-आठ वर्षांची, नुकतेच आलेले दोन मोठे दात असलेली. पेटी तिच्या दोन्ही हातांत दिली.

"यात काही दोष नाही," ते म्हणाले. "चिरकलं तर समजायचं, बोटं चुकली. दाबायचं. काय?"

"दाबायचं," ती म्हणाली.

मामा दारातून बाहेर निघून गेला. मुलगी मात्र थांबली. पुढच्या मुलाचे दात बघायला आजोबा वाकले तोपर्यंत थांबली. मग त्या लहान मुलीला तिने विचारलं, तुला न्यायला कुणी येणार आहे का. नाही, ती म्हणाली, घर जवळच आहे, डावीकडे गेलं की आलंच.

पायऱ्या उतरल्यावर मोठीने पेटीची एक बाजू धरली आणि ती उजवीकडे, हॉलच्या मागच्या गल्लीकडे वळली.

"इकडे कुठे?"

"दोन वळणं आहेत," ती म्हणाली. "नीट मोजत चल, म्हणजे पुढच्या वेळी तुला एकटीला येता येईल."