धारेवर न गेलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, कडे चढणाऱ्या माणसांचा. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वर निळं विणलेलं कवच, असं मला कारखान्यात घडवलं. गाभा कुणाला दिसत नाही, पण माणसाचं वजन तोच पेलतो.

दातांच्या डॉक्टर असलेल्या एका ताईंनी मला विकत घेतलं. त्या, त्यांचे यजमान आणि धाकटा भाऊ माझ्या भरवशावर पुष्कळ हिंडले. एकदा भावाचा पाय निसटला. मी ताणलो, करकरलो, पण त्याला सोडलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यावरून हात फिरवला. मी किती फुशारलो होतो!

त्याच भावाने पुढे घर बदलताना कुणाला न विचारता मला कपाट बांधायला नेलं. काम झाल्यावर मी त्याच्या गाडीच्या डिकीत एका जुन्या बॅटरीशेजारी पडून राहिलो. तिच्यातलं तेजाब झिरपलं आणि माझ्या अंगात मुरलं. भावाने मला धुतलं, वाळवलं आणि गुपचूप जागेवर ठेवून दिलं. वरून मी पूर्वीसारखाच दिसत होतो. आत काय झालंय, या शंकेने मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात धारेचा बेत निघाला. दोन शिखरांना जोडणारी ती अरुंद, उघडी धार एका दिवसात पार करायची होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. ताई प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहत होत्या.

"वारा वाढला तर मधूनच खाली उतरायला वाट आहे का?"

"खिंडीपर्यंत आहे. पुढे दोन्हीकडे नुसती दरी," यजमान म्हणाले.

"मग खिंडीत पोचलो की आभाळ बघायचं. मन जरा जरी कचरलं तरी मागे फिरायचं. आणि दोर?"

"दोर ठणठणीत आहे," भाऊ चटकन म्हणाला.

ताईंनी मान वर केली. "न बघताच सांगतोस?"

त्यांनी मला मांडीवर घेतलं. "ही गुंडाळी माझ्या हातची नाही. कुणी नेला होता?"

यजमानांनी नकारार्थी मान हलवली. भाऊ नकाशात डोकं खुपसून बसला. ताई डोळे मिटून माझ्यावरून बोटं फिरवू लागल्या. मी मनात म्हणत होतो, थांबा, अजून थोडं पुढे! सापडलो तर माझं आयुष्य संपणार, हे मला कळत होतं. पण न सापडता त्या दरीवर जायची मला जास्त भीती वाटत होती.

बोटं थांबली. "इथे मऊ लागतंय."

"काहीतरीच काय, ताई! तुला उगाच संशय."

"असेल. मग धारेवर याच्यावर पहिला तू लटकशील?"

भावाचा चेहरा पडला. "ताई, त्याला बॅटरीचं पाणी लागलंय," तो पुटपुटला. "वाटलं, धुतलं की झालं. मग सांगायचं धाडसच होईना."

ताईंनी कात्रीने मला तिथेच कापलं आणि आतले धागे ओढले. ते भिजलेल्या कागदासारखे हातात आले.

"मला नको नेऊस," भाऊ म्हणाला.

"नेणार. पण नवा दोर येऊ दे. आणि तू मधे चालायचंस, माझ्या डोळ्यांसमोर."

पुढे ते धार पार करून सुखरूप आले. मी गेलो नव्हतो. माझे तुकडे आता बाल्कनीतल्या वेलीला आधार देतात. मित्रांनो, आम्ही मुके असतो. आम्हाला काय झालंय ते तुम्हीच बोलायचं असतं. हातून चूक झाली तर ती धुऊन ठेवू नका, सांगून टाका.

परवा तिघं कुठूनसे चढून परतले. ताईंनी बूट काढायच्या आत भावाने नवा दोर त्यांच्यापुढे धरला.

"ताई, इथे दगडावर घासलाय. बघ ना जरा."


ताई तिथेच दारात बसल्या आणि बोटं फिरवू लागल्या.