विहिरीतला नागप्पा

आमच्या विहिरीत नाग आहे, हे मी चौतीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. आता गाव हसतं. हसू द्या. त्यांच्या विहिरीत काय होतं, बेडकं?

लग्न झालं त्या साली मन्याडला पूर आला. पुराचं पाणी विहिरीत शिरलं, आणि ओसरल्यावर माझ्या बायकोला, शिवगंगेला, पाण्यात एक लांब काळसर अंग वळताना दिसलं. ती कर्नाटकाकडची. तिनं हात जोडले, "नागप्पा" म्हणाली, आणि तेच नाव राहिलं. दर पंचमीला ती विहिरीत वाटीभर दूध सोडायची. पाणी मात्र लई साफ. किडा नाही, बेडकाची पिल्लं नाहीत, सगळं नागप्पा फस्त करायचा. पावसाळ्यात आभाळ भरलं की तो दिवसदिवसभर भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरायचा, दगडाला डोकं घासायचा. शिवगंगा म्हणायची, महादेवाला प्रदक्षिणा घालतोय. मलाही ते पटलं होतं.

चार वर्षांपूर्वी ती गेली. त्याच साली आमचा अहमदपूर तालुका उस्मानाबादेतून काढून नव्या लातूर जिल्ह्यात घातला. माझ्या दुकानाच्या पाटीवर जिल्हा बदलून घेतला, तो बघायला ती नव्हती. मुलगी सोलापुरात संसाराला लागलेली. दुकान बंद केलं की बोलायला मला नागप्पाच. रोज संध्याकाळी काठावर बसून मी त्याला दिवसभराची भांडणं सांगायचो. वेडा म्हणा हवं तर. एकटं राहून बघा, मग म्हणा.

औंदा सलग दुसरं साल कोरडं गेलं. विहिरीत गुडघाभर पाणी उरलं, तेही गढूळ. दोन दिवसांत नागप्पा मेला असता. पण नागाला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी केवळाबाई आली. ती भोयाची, नदीत मासे धरणारी. नदी आटल्यापासून रोजगार हमीवर खडी फोडून राहिली होती. ती खाली उतरली, त्याला धरून घागरीत घातलं आणि वर येऊन घागर माझ्यापुढं ठेवली.

"अप्पा, साप न्हाई ह्यो. मासा हाय. अहीर."

गळ्यात इष्टलिंग असलेला मी माणूस. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, आणि चौतीस वर्षं आम्ही माशाला दूध पाजलं? मी तिच्यावर खेकसलो. तिनं शांतपणे त्याच्या मानेजवळचे इवलेसे पर दाखवले. सापाला पर नसतात, एवढं मलाही कळतं.

मग तिनं बापाकडून ऐकलेलं सांगितलं. अहीर समुद्रात जन्मतो. दोऱ्याएवढा असताना नदीनं वर येतो, वर्षानुवर्षं इकडं राहतो आणि वय झालं की पुराबरोबर परत समुद्राकडं निघतो. पिल्लं तिथंच होतात, इकडं कधीच नाही. म्हणून पावसाळा आला की त्याला दम निघत नाही. वाट शोधत राहतो.

म्हणे प्रदक्षिणा! शिवगंगा हात जोडून बघायची आणि तो बिचारा बाहेर पडायला धडपडायचा. मला जन्मात कोणाचा आला नाही इतका राग त्या दिवशी स्वतःचा आला.

मन्याडला सोडावं, तर ती कोरडी ठणठणीत. पुढं मांजरा, मग गोदावरी, आणि गोदावरीवर खाली आंध्रात मोठं धरण. ती भिंत उभी राहिल्यापासून वर एकही अहीर आलेला केवळाबाईनं पाहिला नव्हता. घरामागच्या टाक्यात ठेवा, तुमच्या सोबतीला राहील, असंही ती म्हणाली. खरं सांगतो, लई मन झालं. तरी म्हणालो, भिंतीच्या पलीकडं न्यायचा.

सकाळची एसटी धरली. केवळाबाई कामावर खाडा करून सोबत आली. घागरीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं. नांदेडला गाडी बदलताना आमच्या मठातले पंचाक्षरी स्वामी भेटले. गंगाजल का, असं विचारत नमस्काराला वाकलेच. हो म्हणून टाकावं, असं तोंडावर आलं होतं.

"मासा हाय," मी म्हणालो. ते दोन पावलं मागं सरकले आणि बसस्टँडभर लोक बघत राहिले.

दिवस कलताना धरणाखाली पोचलो. झिरपलेल्या पाण्याचा एक ओहोळ खडकांतून वाहत होता. धोतर खोचून मी आत गेलो आणि घागर आडवी केली. नागप्पा बाहेर निसटला. केवढा होता तो, माझ्या हाताहून लांब! बघता बघता खडकाआड गेला.

समुद्र किती लांब, मी विचारलं. लई लांब, केवळाबाई म्हणाली, वाटेत आणखी भिंती असतील. मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"तिथं त्याच्या जातीचं कोणी असंल का गं?"

"ठावं न्हाई, अप्पा. मी तरी धा वर्षांत ह्यो एकच बघितला."

परतीची शेवटची गाडी सहाला होती. मी तिला म्हणालो, तू हो पुढं, घरी तुझी वाट बघत असतील. मी बसतो जरा.