वैनीच्या हातचं

लसणाच्या फोडणीचा वास ओसरीपर्यंत आला की अण्णाच्या चेहऱ्यावर सावली उतरायची. हिवाळ्याचं कोवळं ऊन दारातून थेट त्याच्या ताटात पडलेलं असायचं, वरणावरून वाफेची रेघ संथपणे वर जायची, आणि एके काळी जेवताना मागंपुढं न बघणारा माझा हा थोरला भाऊ ते वरण आधी नाकाशी नेऊन हुंगायचा. स्वयंपाकघरातून वैनी ते बघायची. मग चुलीतलं लाकूड उगीचच मागंपुढं करत बसायची.

आमच्या निर्णा गावच्या शिवारात अण्णाच्या आवाजाची ख्याती होती. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला तो रानातल्या माळ्यावर चढायचा आणि त्याची लांब, लयदार हाळी ओढ्यापलीकडच्या धूसर निळाईत विरत जायची. दारूनं आधी तो आवाज नेला, मग झोप, मग हातांची स्थिरता. त्यानं कपबशी उचलली की तिची किणकिण साऱ्या घराला ऐकू यायची, आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो.

वैनीनं मग आपल्याकडच्या कितीक बायका करतात तेच केलं. उदगीरच्या बाजारातून कुणीतरी आणून दिलेली दारू सोडवायची पूड ती गुपचूप त्याच्या वरणात कालवू लागली. ती पोटात असताना दारू प्याली तर जिवावर बेतू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका संध्याकाळी अण्णा पिऊन आला तो तोंड लालबुंद, छातीत धडधड, अंगणातच कोसळला. दवाखान्यात जीव वाचला. तिथंच वैनी रडत रडत खरं काय ते बोलून गेली, आणि त्या दिवसापासून तो तिच्या हातचं निर्धास्त जेवला नाही. तिचं चुकलंच. पण तिच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? माणूस वाचावा म्हणूनच केलं होतं ना बिचारीनं.

अण्णाला दारू सोडायची होती, पण त्यासाठी कुठं कोंडून राहायचं नव्हतं. बिदरच्या डॉक्टरीणबाई कन्नडातून शांतपणे म्हणाल्या, की सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही. थरथरीचे पहिले दिवस गोळ्यांनी आणि घरच्यांच्या देखरेखीनं निभावता येतील, पुढं दर आठवड्याला यायचं, मोकळं बोलायचं. मी बिदरलाच शाळेत शिकवते, म्हणून त्याच्यासोबत बसणं माझ्याकडं आलं. बाह्यरुग्ण विभागाच्या त्या दीर्घ व्हरांड्यात लिंबाच्या पानांची जाळी फरशीवर हलत असायची, नावं पुकारली जायची, आणि काळ कसा अर्धवट झोपेत असल्यासारखा सरकायचा. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर बसायचा, दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन जडलेला. ते व्यसन सोडवायच्या औषधाची गोळी जिभेखाली ठेवून ती विरघळेपर्यंत तो डोळे मिटून घ्यायचा, आणि अण्णा त्याच्याकडं मोठ्या मायेनं बघत राहायचा. मध्ये एकदा अण्णा घसरला, पुन्हा प्याला. मी इतकी चिडले की दवाखान्याच्या वाटेवर त्याला मागं टाकून तरातरा पुढं चालत राहिले. डॉक्टरीणबाई मात्र, पुढच्या आठवड्यात या, एवढंच म्हणाल्या.

पुढं त्यांनी सुचवलं ते औषध त्या पुडीच्याच जातीचं होतं. पण आता सगळं समजावून, तपासण्या करून, त्याचा होकार घेऊन. रोज सकाळी वैनीनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची, त्यानं तिच्यादेखत गिळायची. गोळी तो गिळायचा. ताट मात्र हुंगायचाच, आणि वैनी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरून जातात. कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड पुजायचे, नैवेद्य दाखवायचा, मग घरच्या थोरल्यानं आंबवलेल्या अंबिलाचा पहिला वाडगा प्यायचा आणि उरलेलं शिंपडत पिकाला फेरी घालायची, ही रीत. या गोळीवर आंबवलेलं काही चालणार नाही, त्यातही दारूचा अंश असू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पूजा झाली. सगळी भावकी बघत होती, आणि अण्णा वाडग्याकडं बघत नुसता बसून होता.

वैनी पुढं झाली. तिनं वाडगा उचलला आणि थोरल्याच्या आधी, चारचौघांत, स्वतः एक घोट घेतला. उष्टं करायलीय बघ ही, म्हणून चुलती पुटपुटली. वैनीनं तिकडं मान वळवली नाही.

“आंबवलं न्हाई,” ती अण्णाला म्हणाली. “आत्ताच कालवलंय. गोड ताक, शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ. तुमाला न सांगता आता काईच घालणार न्हाई मी. कंदीच न्हाई.”

ज्वारीतून वारा सळसळत गेला. अण्णानं दोन्ही हातांनी वाडगा घेतला, तिचं उष्टं तसंच तोंडाला लावलं, नाकाशी नेलं नाही. तळापर्यंत प्याला. मिशी पुसली आणि रिकामा वाडगा तिच्यापुढं धरला.

“अजून घाल,” तो म्हणाला.

दारूनं खाल्लेली वर्षं कुणी परत आणून देत नाही, आणि पुढचा आठवडा कसा जाईल ते अण्णालाही ठाऊक नाही. पण ती वर्षं आठवायला बसले की अलीकडं मधलं सगळं पुसट होत जातं, आणि वाडगा भरून देताना अंबिल हातावर सांडून घेणारी वैनी तेवढी लख्ख दिसत राहते.