एकाच दुष्काळातल्या तिघी

“नळ हाय की दारात. मग पेला अर्धाच का?” बसम्माअक्कांनी हातातला पेला वाकडा करून आत पाहिले.

रत्नम्मा ताट धरून तशीच उभी राहिली. तिला बघायला देगलूरहून पाहुणे आले होते. मुलगा विरूपाक्ष, नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत नुकताच लागलेला, आणि सोबत त्याची आई बसम्मा. मुलगा लेकीला आवडलाय, हे दानम्माने कधीच ओळखले होते. आईपासून काय लपते!

आणि सकाळीच बजावले होते दानम्माने, “आज तरी काठोकाठ भर गं.” पण ऐकेल तर ती रत्नम्मा कसली.

“लागंल त्याला आणखी वाढते मी,” रत्नम्मा म्हणाली. “भरून दिलं की उरतं. मग ओतून द्यावं लागतं.”

“दुष्काळानं हात आखडला पोरीचा,” बसम्मा म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. “आमच्या घरी बी त्या साली लेकरं अर्ध्या पेल्यावर झोपली. म्हणून आता कुणाच्या दारात अर्धा पेला बघवत न्हाई मला.”

दानम्माने शिलाई मशीनवर एकटीने लेक वाढवली होती. गप्प बसणे तिला ठाऊक नव्हते.

“दुष्काळानं म्हणावं, तर मी बी त्याच दुष्काळातली, अक्का. नळ आल्यापासून रोज आंगण धुऊन राहिले. गल्ली हसते मला. आन् ही तर आधीपासून अशीच हाय. अंगावर पिताना बी पोट भरलं की तोंड फिरवायची. एक घोट जास्तीचा न्हाई.”

विरूपाक्ष लाजून जमिनीकडे बघू लागला. बसम्माही हसल्या. दानम्माला वाटले, जमले.

“आमच्या घरी मात्र भरून द्यावं लागंल हां, बाय,” बसम्मा रत्नम्माला म्हणाल्या.

एक ‘हाव’ म्हणून होकार दिला की सुपारी फुटणार होती.

“देईन की,” रत्नम्मा म्हणाली. “पण उरलेलं कुणी ओतलं तर मी गप बसणार न्हाई. आत्ताच सांगते.”

‘कळवतो’ म्हणून, हात जोडून ‘शरणू शरणार्थी’ म्हणत पाहुणे उठले. चप्पल घालताना विरूपाक्षने एकदा मागे पाहिले; पण आईपुढे तो काय बोलणार? ‘कळवतो’चा अर्थ अहमदपुरात शेंबड्या पोरालाही कळतो.

“एक हाव म्हणायला काय झालं होतं गं? जीभ झडली असती?” दानम्मा कडाडली.

“म्हणले असते तर जमलं असतं, अव्वा. पण तिथं नांदायला दुसरीच कुणी गेली असती. मी न्हाई.”

एवढे शहाणपण बोलून ती भिंतीकडे वळून बसली आणि हमसून हमसून रडू लागली. दानम्माचा राग कुठल्या कुठे गेला. ही पोर कुणावर गेली, हे तिला कधीच उमगले नव्हते. आपल्यावर तर नाहीच. लेकीचा तिला फार अभिमान वाटला आणि तितकेच वाईटही वाटले. ती लेकीच्या मागे जाऊन बसली आणि सकाळी हौसेने खोचलेले आकडे तिच्या केसांतून काढू लागली, ओढ बसू नये अशा बेताने.