तेविसाव्या प्रकरणापाशी

मास्तरांच्या पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याच वर्षी अक्काची नजर गेली. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मास्तर शिंपी, चाळिशी उलटल्यावर तिनेच त्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती. त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

"हे पुस्तक मी एकटी नाही ऐकणार," ती म्हणाली. "तूही ऐक. तुझ्यापुढे मी एक प्रकरणही जाणार नाही."

पुस्तक फोनवर ऐकायचं होतं. चाळीस प्रकरणं, एकेका माणसाला तीन-तीन नावं, आणि मालकांना सोडून पळालेल्या सावल्या. मास्तर दुकानात इअरफोन घालून बसायचे. मशीन सुरू झालं की त्या आवाजात गोष्टीतला राजा गडप. बॉबिन बदलायला थांबावं तर गादीवर भलताच कोणी. शेवटी त्यांनी शिवायच्या पँट्स दुकानातल्या भागीदाराकडे सरकवल्या आणि हाताने काजं करायला घेतली. सुईला आवाज नसतो.

"काजांवर पोट भरणार का, मास्तर?" भागीदार विचारायचा.

"अक्काचं पुस्तक संपू दे."

कधी एखादं वाक्य असं यायचं, की सुई हवेतच थांबायची. बाकी सगळं डोक्यावरून जायचं. ते मख्खपणे टाके घालत राहायचे.

संध्याकाळी अक्का विचारायची, "कुठवर?"

"राणी नदी ओलांडतेय."

"राणी कुठली, दगडोबा! तिची सावली आहे ती. परत ऐक."

तेविसाव्या प्रकरणात तीन आठवडे गेले. तोवर अक्काचं दुखणं वाढलं, जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर मास्तरांना बाहेर नेऊन म्हणाले, आता महिने नाहीत, दिवसच आहेत. मास्तरांना रडू आलं नाही. मनात एवढंच आलं, की सतरा प्रकरणं राहिली.

आत येऊन ते म्हणाले, "अक्का, माझं संपलं. शेवटपर्यंत ऐकलं."

"मग सावल्यांचं ते दार उघडतं का शेवटी?"

"ते तूच ऐक."

"खोटं बोलायला नव्हतं हो शिकवलं मी," ती म्हणाली, पण इअरफोनसाठी हात पुढे केला.

मास्तरांनी चोविसावं लावून दिलं आणि रोज काजं घेऊन तिच्या पायथ्याशी बसू लागले. एकदा ती खुदकन हसली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर चोरी पकडली गेली असती.

मार्चच्या वीस तारखेला, मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, सदतिसावं प्रकरण चालू असताना अक्का गेली.