धुतलेला कप

"दोन कप म्हणजे आधुनिक माणसाचं दुभंगलेपण. प्रतीक ओळखलं की दोन गुण, प्रतिमा उलगडली की दोन, भाषेला एक." आमचे मुख्य परीक्षक अच्युतजी, त्यांनी मार्किंग स्कीम वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंजुळाताई, घरचं मत घरी हं. इथे स्कीममध्ये आहे तेच."

मी बरं म्हटलं. माझ्या नवऱ्याची कविता बी.ए.ला लागली आणि तिच्या कॉप्या तपासायला मीच बसले. करता काय? इंदुरात मराठीचे परीक्षक मोजून चार, त्यातला एक आजारी. उत्तरपत्रिकेला आमच्याकडे कॉपीच म्हणतात.

रत्नपाल वीज खात्यात कारकून होता. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याही सात वर्षं आधी आमची लेक मैत्री अपघातात गेली, राऊच्या रस्त्यावर, स्कूटीवरून कॉलेजला जाताना. एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून रत्नपाल रोज सकाळी दोन कप चहा करायचा. एक स्वतःला, एक मैत्रीच्या खिडकीत. माझा मी मागाहून करून घ्यायचे. तो ऑफिसला गेला की खिडकीतला गार चहा मोरीत ओतायचा, कप धुवून फळीवर ठेवायचा, हे माझं काम. त्याने कधी विचारलं नाही आणि मीही तोंडातून ब्र काढला नाही.

मग कविता छापून आली. तिच्यात तो होता, 'तू' म्हणून मैत्री होती, खिडकीसुद्धा होती. मी नव्हते. तेव्हा फार लागलं मला. पुढे पुढे तेही लागेनासं झालं.

तर मी कॉप्या तपासत होते. दुभंगलेपण, दोन गुण. पुन्हा दुभंगलेपण, पुन्हा दोन. सगळ्यांनी एकच गाइड घोकलेलं. लेकीच्या कपाला दिवसभर गुण देत होते, तरी आत काही हललं नाही. मध्ये पोहे आले, तेही खाल्ले.

एकशे सतराव्या कॉपीत अक्षर तिरकं होतं आणि भाषा आमच्या इंदुरी पोरांची, निम्मी हिंदी. लिहिलं होतं: "कवी दोन कप बनवतो आणि चालला जातो. पण लास्ट लाईनमध्ये संध्याकाळी दुसरा कप साफ मिळतो. मतलब घरात अजून कोणीतरी आहे. ती रोज तो चहा फेकते, कप धुते आणि बोलत काहीच नाही. कवीला हे मालूम आहे, तरच तर त्याने ती लाईन लिहिली. मला वाटतं पूर्ण कविता तिच्यासाठीच आहे."

'संध्याकाळी कप धुतलेला असतो.' कितीदा वाचली असेन मी ती ओळ. त्यात काय, असतोच, असं वाटायचं.

स्कीमप्रमाणे शून्य. मी पाच दिले. पैकीच्या पैकी दिले की अच्युतजींची सही लागते. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं.

"ताई, हे स्कीममध्ये कुठे आहे? कारण तर लिहावं लागेल ना."

"तो कप मी धुवायचे," मी म्हटलं.

 ते हळूच म्हणाले, असं कारण लिहिता येत नाही. आणि प्रतिमेचे दोन ठेवून बाकीचे खोडले. त्यांचं काही चुकलं नाही. मी पुढची कॉपी ओढली आणि तशीच बाजूला ठेवली.

"भाषेचा एक तरी द्या," मी म्हटलं. "नऊ वर्षांत मला इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी दोनाचे तीन केले आणि सही केली.

संध्याकाळी घरी आले, गॅसवर चहा टाकला. रत्नपाल गेल्यापासून दुसरा कप फळीवर तसाच होता, धूळ बसलेला. तो धुतला आणि माझा चहा त्यात ओतला. मैत्रीच्या खिडकीशी बसून सगळा प्यायले. मग कप धुवून जागेवर ठेवला.