फोनच्या पाठीवरचे होकायंत्र

मी एक जुने होकायंत्र आहे. आधीच सांगून टाकते मित्रांनो, तुमच्याबद्दल माझे मत फारसे बरे नाही. फोनला विचारल्याशिवाय ज्यांना स्वतःच्या आत्याचे घर सापडत नाही, त्यांच्याबद्दल दुसरे काय मत असणार?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या कारागिराने माझी सुई टोकावर तोलली, वर काच बसवली आणि मला तीनदा गरगर फिरवून पाहिले. तिन्ही वेळा मी उत्तरेवरच थांबले. मग मोजणी खात्यातल्या एका बाईंनी मला घेतले. तीस वर्षे मला गळ्यात अडकवून त्यांनी डोंगर मोजले. "हे कधी खोटं बोलत नाही," असे त्या चारचौघांत सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

निवृत्तीनंतर मी खणात पडले, शिवणाच्या रिळांशेजारी. बाईंचा भाचा मला पाहून हसायचा. त्याच्या फोनमध्ये वाट दाखवणारा एक निळा ठिपका होता आणि हा शिकलेला माणूस त्या ठिपक्यामागे मेंढरासारखा चाले. बाई, म्हणजे त्याच्या मावशी, त्याच्याबरोबर आडरानातल्या डोंगरवाटेला निघाल्या तेव्हा त्याने विचारले, हे ओझे कशाला?  मावशींनी मला आणि घडीच्या नकाशाला खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी माथ्यावर धुक्याने गाठले. पूर्वेला निवाऱ्याची वाट होती आणि पश्चिमेला सरळ तुटलेला कडा. फोन मात्र थंडीने आणि भाच्याचेच फोटो काढत राहिल्याने केव्हाच मान टाकून बसला होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भाच्याने मला मागून घेतले, सपाट जागा हवी म्हणून त्या मेलेल्या फोनच्या पाठीवर ठेवले आणि माझ्या सुईवरून पूर्व काढून तो चालू लागला. मावशी नकाशा धरून मागे होत्या.

थोड्याच वेळात त्या म्हणाल्या, "थांब. नकाशात पूर्वेला लगेच उतार आहे. आपण तर चढतोय."

"मावशी, तूच म्हणतेस ना, हे खोटं बोलत नाही?"

"ठेवलंयस कशावर ते?"

फोनच्या कव्हरात, झाकण चिकटून राहावे म्हणून बसवलेले लोहचुंबक होते. भाच्याने मला बाजूला घेताच माझी सुई अर्धे वर्तुळ फिरली. मी त्या दोघांना कड्याकडे नेत होते मित्रांनो, आणि तेही पूर्वीच्याच ठामपणे. मला स्वतःला काही कळलेसुद्धा नव्हते. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

कुठवर आलो ते कळेना, म्हणून दोघे जागच्या जागी बसून राहिले. धुके विरले तेव्हा कडा बारा पावलांवर होता.  भाच्याने मावशींपुढे नकाशा पसरला आणि म्हणाला, "या रेघा वाचायला शिकव मला."

म्हणून सांगते, मला फोनपासून आणि लोखंडापासून दूर ठेवत जा. आणि माझ्यावर काय किंवा त्या ठिपक्यावर काय, डोळे मिटून विसंबू नका. पायाखाली चढ आहे की उतार, एवढे तरी स्वतः पाहा.

मावशी अजून मला सांभाळतात, पण चारचौघांतले ते वाक्य त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. डोळे मिटून चालणाऱ्यांबद्दलचे माझे मतही बदललेले नाही. फक्त आता त्यांत मी स्वतःलाही धरते.